ओळख पटल्याशिवाय प्रवेश नाही

शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या मुखावर जयगडचा किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या परिसरात दीपगृह आहे आणि पलीकडे खोल पाण्याचे आधुनिक बंदर. कोळसा आणि इतर माल घेऊन आलेली अवाढव्य जहाजे येथे लागतात, तर खाडीत मासेमारीच्या नौकांची ये-जा असते. कोणत्याही बंदरात परके जहाज यायचे, तर आधी त्याची ओळख पटवावी लागते. जहाजाचे नाव त्यासाठी पुरेसे नसते. मालक बदलला की नाव बदलते, कधी झेंडाही बदलतो. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या पद्धतीनुसार मोठ्या मालवाहू जहाजाला सात अंकी क्रमांक असतो. जहाज भंगारात जाईपर्यंत तो बदलत नाही. पण क्रमांक कळला म्हणजे काम झाले असेही नाही. जहाज किती लांब आहे, पाण्याखाली किती खोल बुडते, हे पाहावे लागते. मग इथल्या पाण्याची माहिती असलेला पायलट जहाजावर चढतो आणि स्वतः खातरजमा करत ते आत आणतो.

संगणकाला पेनड्राइव्ह, प्रिंटर किंवा बोटाचा ठसा घेणारे यंत्र जोडले की आत अगदी हाच क्रम घडतो. क्रमांक विचारला जातो, नोंदवहीत शोधला जातो, मग कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन तपासणी करतो आणि त्यानंतरच नवीन पाहुण्याला आत घेतले जाते. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या अवधीत उरकते, म्हणून आपल्याला कळतही नाही. कळते ते बिनसल्यावरच. ‘उपकरण ओळखता आले नाही’ असा संदेश पडद्यावर येतो, रांगेतली माणसे ताटकळतात आणि दोष केबलचा, यंत्राचा की संगणकाचा, यावर वाद सुरू होतो. अनेकदा दोष या तिन्हींचा नसतो. ओळख पटवण्याची पायरी तेवढी चुकलेली असते. कधी तर ओळख पटली नाही हेच बरे झाले, असे म्हणण्याचीही वेळ येते.

कर्नल आणि त्याचे दुभाषे

संगणक किंवा मोबाइल चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, कोणत्या प्रोग्रॅमने कशाला हात लावायचा, हे सगळे कर्नल ठरवतो. पण जगातल्या प्रत्येक उपकरणाशी कसे बोलायचे, हे एकट्या कर्नलला माहीत असणे शक्य नाही. एका कंपनीचा प्रिंटर एका तऱ्हेने बोलतो, दुसऱ्या कंपनीचा दुसऱ्या तऱ्हेने. म्हणून प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी एक दुभाष्या ठेवलेला असतो. त्याचे नाव ‘ड्रायव्हर’.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. ती बहुधा एका ठरावीक प्रकारची हार्ड डिस्क सोडून दुसऱ्या कशावर कधीच चालणार नाही, असे त्याने तेव्हाच सांगून टाकले होते. कारण साधे होते. त्याच्याकडे तेवढीच होती. तीच प्रणाली पुढे लिनक्स म्हणून जगभर पसरली. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल असतो. या कर्नलचा मजकूर आता काही कोटी ओळींचा झाला आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. म्हणजे गाभ्याचे मोठे काम हिशेब करण्याचे नसून नाना तऱ्हेच्या यंत्रांशी जुळवून घेण्याचे आहे.

ड्रायव्हर कर्नलच्या आत, त्याच्याच अधिकाराने काम करतो, हे इथे लक्षात ठेवायला हवे. एखादे साधे अ‍ॅप चुकले, तर ते अ‍ॅप बंद पडते, बाकी मोबाइल चालू राहतो. ड्रायव्हर चुकला, तर सगळी प्रणाली कोसळू शकते. त्यामुळे कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर जोडायचा, हा निर्णय हलक्यात घेता येत नाही.

चार अंकांची ओळख

१९९६ मध्ये यूएसबी ही जोडणी आली. तिच्यात ओळखीची पद्धत आखीव आहे. उपकरण जोडले की तारेवरचा विद्युतदाब बदलतो आणि काहीतरी आले आहे, हे संगणकाला कळते. संगणक त्या उपकरणाला १ ते १२७ पैकी एक तात्पुरता पत्ता देतो आणि त्याची माहिती मागवतो. उपकरण १८ बाइटचे एक छोटे ओळखपत्र पाठवते. त्यात दोन क्रमांक महत्त्वाचे असतात. पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या उत्पादनाचा. दोन्ही सोळा अंकांच्या मोजणीत चार-चार अंकी लिहिले जातात. उत्पादकांचे क्रमांक एक मध्यवर्ती संस्था वाटून देते, त्यामुळे दोन कंपन्यांचा क्रमांक एक असू नये, अशी व्यवस्था आहे.

संगणकाच्या आत बसवल्या जाणाऱ्या कार्डांसाठीही अशीच पद्धत आहे. तिथे इंटेल कंपनीचा क्रमांक ८०८६ आहे. याच आकड्याच्या प्रोसेसरने त्या कंपनीला नाव मिळवून दिले होते, म्हणजे हा एक प्रकारे मानाचा वाहनक्रमांकच झाला.

प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ‘मी या या क्रमांकांची उपकरणे सांभाळतो’ अशी एक यादी लिहिलेली असते. नवे उपकरण आले की कर्नल त्याचा क्रमांक घेऊन या याद्या धुंडाळतो. जिथे जुळते, तो ड्रायव्हर पुढे बोलावला जातो. काही उपकरणे तर इतकी ठरावीक पद्धतीने वागतात की त्यांच्यासाठी उत्पादकाचा क्रमांक पाहायचीही गरज पडत नाही. ‘मी साठवणुकीचे उपकरण आहे’ किंवा ‘मी कीबोर्ड आहे’ असा वर्गच ओळखपत्रावर लिहिलेला असतो. कोणत्याही दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह वेगळे काही न बसवता चालतो, तो यामुळे.

इथे ग्राहकाला उपयोगी पडेल असा एक मुद्दा आहे. खोक्यावर छापलेले नाव आणि आतल्या चिपचा क्रमांक यांचा संबंध असेलच असे नाही. एकाच नावाने विकले जाणारे वायफायचे उपकरण पहिल्या वर्षी एका कंपनीच्या चिपवर बनते, पुढच्या वर्षी दुसऱ्या. खोके तेच, नाव तेच, कधी मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘आवृत्ती २’ एवढेच बारीक अक्षरात. शेजाऱ्याकडे चालते म्हणून आणलेले तेच यंत्र आपल्याकडे चालत नाही, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. कर्नल खोके वाचत नाही, तो क्रमांक वाचतो.

यादीत नाव आहे, तरीही तपासणी

क्रमांक जुळला की लगेच काम सुरू होत नाही. ड्रायव्हरमधला एक खास भाग आधी उपकरणाची प्रत्यक्ष चाचपणी करतो. तो उपकरणाला काही प्रश्न विचारतो, उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली का ते पाहतो आणि मगच ‘हे माझे’ असे कळवतो. उत्तरे पटली नाहीत, तर ‘असे उपकरण नाही’ असा नकार देतो. लिनक्समध्ये या नकाराचा क्रमांक १९ आहे. नकार आला की कर्नल दुसरा कोणी ड्रायव्हर जुळतो का ते पाहतो. या व्यवस्थेत नकार म्हणजे बिघाड नव्हे. प्रामाणिकपणे ‘मला जमणार नाही’ म्हणणारा दुभाष्या, न समजता भलतेच भाषांतर करणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

ही चाचपणी का लागते, हे हवामान मोजणाऱ्या एका छोट्याशा चिपच्या उदाहरणावरून कळेल. बॉश कंपनीच्या बीएमपी२८० आणि बीएमई२८० या दोन चिप दिसायला जवळपास सारख्या आहेत. पहिली हवेचा दाब आणि तापमान मोजते. दुसरी त्याशिवाय आर्द्रताही मोजते आणि म्हणून महाग असते. हौशी लोकांच्या बाजारात पहिली चिप दुसरीच्या नावाने खपवल्याचे प्रकार सर्रास होतात. कोकणातल्या दमट हवेत आर्द्रता मोजायला म्हणून कोणी ही चिप आणली आणि ती निघाली पहिली, तर आर्द्रतेचे आकडे कुठून येणार? पण या चिपमध्ये एका ठरलेल्या जागी तिची खरी ओळख कोरलेली असते. सोळा अंकांच्या मोजणीत पहिलीची ५८ आणि दुसरीची ६०. ड्रायव्हर सुरुवातीलाच ती जागा वाचतो. वेष्टनावर काहीही लिहिलेले असो, चिपला स्वतःविषयी खोटे बोलता येत नाही. निदान प्रामाणिक चिपला तरी.

ज्यांना बोलता येत नाही त्यांचे काय?

यूएसबीचे उपकरण स्वतःहून ओळख सांगते. मोबाइलच्या आतले बरेचसे भाग मात्र मुके असतात. स्पर्श ओळखणारी चिप, बॅटरीचा हिशेब ठेवणारी चिप, प्रकाश मोजणारा संवेदक असे अनेक भाग दोन-चार तारांनी मुख्य प्रोसेसरला जोडलेले असतात. ‘कोण आहे तिकडे?’ असे विचारून त्यांचा पत्ता लागत नाही. अशा वेळी यंत्र बनवणाराच एक नकाशा तयार करून देतो. कोणत्या तारेवर, कोणत्या पत्त्यावर, कोणता भाग बसवला आहे, हे त्यात लिहिलेले असते. लिनक्सच्या जगात याला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात.

या नकाशात प्रत्येक भागासमोर ‘हा कोणाशी सुसंगत आहे’ अशी एक ओळ असते. तिथे एकापेक्षा जास्त नावे देता येतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी नेमके नाव, मग त्याच्याशी जुळणाऱ्या जुन्या भागाचे नाव. समजा कंपनीने नवी चिप काढली आणि ती जुन्या चिपची सगळी कामे तशीच करते. तर नकाशात आधी नवीचे नाव, मागोमाग जुनीचे. कर्नलकडे नवीचा ड्रायव्हर नसेल, तर तो जुनीचा ड्रायव्हर वापरून वेळ निभावतो. एखाद्या गावात अनोळखी पाहुणा आला आणि त्याला कोणी ओळखले नाही, तर ‘अमक्याचा पुतण्या’ सांगितल्यावर ओळख पटते, तसेच हे.

आता इथे एक पेच उभा राहतो. ड्रायव्हर फार काटेकोर असला आणि चिपमध्ये कोरलेली ओळख आपल्या यादीत नाही म्हणून त्याने नकार दिला, तर जुन्याशी पूर्ण सुसंगत असलेली नवी चिपही बंद पडते. ड्रायव्हर फार सैल असला, तर भलतीच चिप आत शिरते आणि चुकीचे आकडे देत बसते. दाब, तापमान, प्रकाश अशा संवेदकांचे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या विकासकांनी अलीकडच्या वर्षांत यावर मधला मार्ग काढला आहे. नकाशा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा, पण चिपची ओळख जुळली नाही तर तशी सूचना नोंदवहीत लिहायची आणि काम पुढे चालू ठेवायचे. जिथे चुकीची किंमत मोठी आहे, तिथे मात्र हा उदारपणा परवडत नाही. त्याचा धडा २०१३ मध्ये मिळाला.

एक प्रश्न विचारायचा राहिला

त्या वर्षीच्या जानेवारीत सॅमसंगच्या काही लॅपटॉपधारकांवर विचित्र प्रसंग ओढवला. लिनक्स बसवून पाहण्यासाठी त्यांनी लॅपटॉप सुरू केला आणि तो कायमचा बंद पडला. पुन्हा सुरूच होईना. हार्ड डिस्क बदलूनही उपयोग नव्हता, कारण बिघाड लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये झाला होता.

संशयाची सुई लिनक्समधल्या सॅमसंग लॅपटॉपच्या ड्रायव्हरकडे वळली. पडद्याची उजळणी आणि वायफायचे बटण अशी कामे तो करत असे. ही कामे करण्यासाठी तो स्मृतीच्या एका ठरावीक भागात जाऊन ठरावीक खुणा शोधत असे. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपमध्ये ते सुरक्षित होते. पण दरम्यानच्या काळात लॅपटॉप सुरू होण्याची पद्धतच बदलली होती. जुन्या ‘बायोस’ऐवजी ‘यूईएफआय’ नावाची नवी व्यवस्था आली होती आणि तिच्यात ते करणे धोक्याचे होते.

ड्रायव्हर ओळख तपासत नव्हता असे नाही. उत्पादक सॅमसंग आहे ना आणि यंत्र लॅपटॉपच्या प्रकारातले आहे ना, या दोन गोष्टी तो पाहत होता. दोन्ही उत्तरे खरी होती. हा लॅपटॉप कोणत्या पद्धतीने सुरू झाला आहे, हा तिसरा प्रश्न मात्र तो विचारत नव्हता. दुरुस्ती म्हणून कर्नलमध्ये मोजक्या ओळींची भर पडली. यंत्र नव्या पद्धतीने सुरू झाले असेल, तर या ड्रायव्हरने ‘असे उपकरण नाही’ म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. मोजक्या ओळींच्या अभावी हजारो रुपयांचे यंत्र निकामी होत होते.

गोष्ट इथेच संपली नाही. मॅथ्यू गॅरेट या कर्नल विकासकाने पुढच्याच महिन्यात दाखवून दिले की मूळ खोट लॅपटॉपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये होती. माहिती साठवण्याची त्याची छोटीशी जागा भरत आली की तो कोलमडत असे आणि हे विंडोजमधूनही घडवता येत होते. ड्रायव्हरमुळे उद्भवलेल्या चुकांच्या नोंदींनी ती जागा भरत होती. त्यानंतर कर्नलने त्या जागेत काही भाग मोकळा राखण्याची काळजी घ्यायला सुरुवात केली. समोरचे यंत्र नियमाप्रमाणे वागेलच, असे गृहीत धरता येत नाही, हा त्याचा अर्थ. म्हणूनच लिनक्सच्या कर्नलमध्ये विक्षिप्त उपकरणांची वेगळी यादी ठेवलेली असते. ओळखपत्रावर लिहितात एक आणि वागतात दुसरे, अशा उपकरणांना कसे सांभाळायचे, हे तिच्यात नोंदलेले आहे.

तोतया चिप आणि तिला झालेली शिक्षा

ओळखीचा क्रमांकच चोरलेला असेल तर? जुन्या पद्धतीच्या यंत्रांना यूएसबीशी जोडणाऱ्या केबलमध्ये एक छोटी चिप असते. कारखान्यातली मापन यंत्रे, जीपीएस, प्रयोगशाळेतील उपकरणे अशा असंख्य ठिकाणी ती वापरतात. स्कॉटलंडमधील एफटीडीआय ही कंपनी अशा चिपसाठी प्रसिद्ध आहे. तिचा उत्पादक क्रमांक ०४०३. या चिपच्या नकला बाजारात आल्या आणि त्यांनी हाच क्रमांक स्वतःला लावून घेतला. साहजिकच कंपनीचा ड्रायव्हर नकली चिपचीही सेवा करू लागला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या अपडेटमधून लोकांच्या संगणकांवर पोहोचला. तो चिप खरी की खोटी हे हेरत असे आणि खोटी निघाल्यास तिच्यातला उत्पादनाचा क्रमांक पुसून तिथे चार शून्ये लिहीत असे. त्यानंतर ती चिप कोणत्याही संगणकाला ओळखू येत नसे. नक्कल करणाऱ्यांचे यात काही बिघडले नाही. त्यांचा माल केव्हाच विकला गेला होता. नुकसान झाले ते आपल्या यंत्रात नकली चिप आहे, हे माहीतही नसलेल्या ग्राहकांचे. मोठी ओरड झाली आणि कंपनीने तो ड्रायव्हर अपडेटमधून मागे घेतला.

लिनक्सच्या विकासकांनी वेगळा मार्ग पत्करला. शून्य क्रमांक मिळालेल्या त्या चिपचीही नोंद त्यांनी आपल्या ड्रायव्हरच्या यादीत केली. त्यामुळे विंडोजने मृत ठरवलेली केबल लिनक्सच्या संगणकावर पुन्हा चालू लागली. नक्कल करणे चूकच आहे आणि कंपनीची तक्रार रास्त होती. पण ड्रायव्हरचे काम ओळख पटवण्याचे की शिक्षा करण्याचे, हा प्रश्न या प्रकरणाने कायमचा पुढे आणला. एखाद्या रुग्णालयातील मापन यंत्राला जोडलेली केबल एका सकाळी ओळख हरवून बसली, तर त्याची किंमत कोणी मोजायची?

मुंबईच्या विमानतळावर हाताने लिहिलेले पास

तपासणी अपुरी पडली की काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच्या अधिकाराने चालत असे. त्या दिवशी त्याच्यासाठी नवी माहिती पाठवण्यात आली. ती माहिती २१ रकाने गृहीत धरून लिहिलेली होती, तर कर्नलमधला भाग २० रकानेच पुरवत होता. एकविसावा रकाना वाचायला तो स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणकांना याचा फटका बसला. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवर विमान कंपन्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

हे प्रकरण यंत्राच्या ओळखीचे नव्हते, माहितीच्या सुसंगतीचे होते. पण राहिलेला प्रश्न त्याच जातीचा होता. समोरून आलेली गोष्ट आपल्या मापात बसते का? कंपनीने नंतर जी दुरुस्ती केली, तिच्यात रकान्यांची संख्या तपासणारी पायरी घातली. सॅमसंगच्या वेळी जशी मोजक्या ओळींची भर पडली होती, तशीच.

जयगडपासून हे किती दूर आहे?

हे सगळे हेलसिंकी, ग्लासगो आणि विमानतळांपुरते वाटेल, पण तसे नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मासेमारी नौकांसाठी १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. मोबाइलचे नेटवर्क पोहोचत नाही अशा खोल समुद्रातही उपग्रहामार्फत छोटे संदेश पाठवता-घेता यावेत, वादळाचा इशारा मिळावा, संकटात मदत मागता यावी, हा त्यामागचा हेतू. किनाऱ्यावरचा तांडेल खिशातल्या मोबाइलवर जो नकाशा पाहतो, त्या मोबाइलमध्ये जीपीएसची चिप, होकायंत्राची चिप आणि पडद्याची चिप यांची कर्नलशी ओळख दर वेळी मोबाइल सुरू होताना नव्याने पटवली जाते. होकायंत्राच्या चिपचा ड्रायव्हर चुकीचा जोडला गेला, तर नकाशा दिसेल, पण बाण भलतीकडे वळेल. अजिबात न चालणाऱ्या यंत्रापेक्षा चुकीचे चालणारे यंत्र समुद्रावर अधिक घातक.

आधारच्या ठशाचे यंत्र हे दुसरे उदाहरण. तिथे ओळखीची पायरी दुहेरी आहे. आधी कर्नलने यंत्र ओळखायचे. मग आधारच्या यंत्रणेने ते नोंदणीकृत आहे का, हे पाहायचे. प्रत्येक नोंदणीकृत यंत्राला स्वतःची वेगळी ओळख असते आणि त्याने घेतलेल्या ठशावर त्याची सांकेतिक सही असते. आधीच्या पिढीत ही मोहर संगणकातल्या प्रोग्रॅममध्ये लागत असे, नव्या पिढीत ती यंत्राच्या आतच सुरक्षित कप्प्यात लागते. यंत्र चालत नाही असे केंद्रावर ऐकले, तर अडचण या दोन दारांपैकी नेमकी कोणत्या दारात आहे, हे विचारणे उपयोगाचे असते.

तिसरे उदाहरण शाळा, दवाखाने आणि कचेऱ्यांमधल्या जुन्या यंत्रांचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा संपली. संगणक नव्या प्रणालीवर न्यायचा म्हटला की प्रश्न येतो, जुन्या प्रिंटरचे, क्ष-किरण यंत्राला जोडलेल्या कार्डाचे काय? उत्पादकाने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिलाच नसेल, तर धडधाकट यंत्र निरुपयोगी ठरते. नाहीतर त्या एका यंत्रासाठी जुना, असुरक्षित संगणक तसाच चालवत राहावे लागते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना वेठीस धरले, तेव्हा सुरक्षेची डागडुजी न झालेले संगणक त्याच्या तावडीत सापडले होते. ड्रायव्हरची सुसंगती हा आरोग्याचाही विषय होतो, तो असा.

विकत घेण्यापूर्वी

सामान्य ग्राहकाला यातून चार गोष्टी करता येतील. यंत्र घेताना ब्रँडच्या नावावर थांबू नये. पूर्ण मॉडेल क्रमांक आणि त्याची आवृत्ती विचारावी आणि आपल्या प्रणालीचे नाव सांगून तिच्यासाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. यंत्र ओळखले जात नसेल, तर विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या यंत्राच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. उत्पादकाचा आणि उत्पादनाचा, असे दोन्ही क्रमांक तिथे सापडतात. दुरुस्ती करणाऱ्याला ‘चालत नाही’ असे सांगण्यापेक्षा हे दोन क्रमांक सांगितले, तर निम्मे काम होते. ड्रायव्हर घ्यायचा तो उत्पादकाकडून किंवा प्रणालीच्या अधिकृत अपडेटमधूनच. ‘सगळे ड्रायव्हर एका फटक्यात’ देणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमला कर्नलचे दार उघडून देणे म्हणजे घराच्या तिजोरीची किल्ली वाटसरूला देणे. आणि संस्थेसाठी मोठी खरेदी असेल, तर आधी एकच नग आणून आपल्याच संगणकावर आठवडाभर चालवून पाहावा, मग उरलेल्यांची मागणी द्यावी.

‘उपकरण ओळखता आले नाही’ हा संदेश त्रासदायक असतो, पण तो दिसल्याबरोबर तो कसाही करून घालवण्याच्या मागे लागू नये. कोणत्या तरी ड्रायव्हरने उगाच होकार देण्याऐवजी प्रामाणिक नकार दिला आहे, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. योग्य दुभाष्या शोधायला मग वेळ मिळतो. चुकीच्या होकाराने बंद पडलेल्या यंत्राला मात्र तशी सवलत नसते.